विचारायचं राहून गेलं

जुलै सरत आला की बेसबॉलच्या धंद्यात बैलबाजार भरतो. महिनाअखेरीच्या संध्याकाळपर्यंत कुठल्याही संघानं आपला गडी दुसऱ्याला द्यावा, त्याचा आपण घ्यावा. संध्याकाळ झाली की बाजार उठला. जिंकणारे संघ घेतात, हरणारे विकतात. लुईव्हिलचा बार्जमेन संघ त्या साली हरणाऱ्यांतही तळाला होता. लोक तिकीट काढून यायचे आणि डोळ्यांपुरती भोकं पाडलेली कागदी पिशवी डोक्यावर घालून बसायचे. आपण या संघाचे चाहते आहोत हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून.

या संघाचा कॅचर रुफिनो अल्मांझार. कॅचर म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून पिचरचा चेंडू झेलणारा. पुढचा चेंडू कुठला टाकायचा हेही तोच पिचरला खुणेनं सांगतो. हात पिचरचा, डोकं कॅचरचं. रुफिनो मूळचा डोमिनिकन, बानी गावचा. अकरा वर्षं असा उकिडवा बसून त्याचे गुडघे सकाळी अंथरुणातून उठताना वाळक्या काटकीसारखे वाजायचे. छातीवर, मांड्यांवर निळे-पिवळे डाग कायमचे. त्याची कुरकूर नव्हती. कुरकूर एकच होती, ऑक्टोबरची.

ऑक्टोबरात फक्त चांगले संघ खेळतात, अजिंक्यपदासाठी. बाकीचे घरी बसून टीव्ही बघतात. रुफिनोनं अकराही ऑक्टोबर सोफ्यावर काढले होते.

यंदा पोर्टलंडचा संघ सगळ्यांच्या पुढे होता आणि त्यांचा कॅचर अंगठा मोडून बसला होता. त्यांना रुफिनो हवाय ही बातमी आठवडाभर वाऱ्यावर होती. पण रुफिनो म्हणजे दावं सोडून नेता येईल असं जनावर नव्हतं. या खेळात एक कायदा आहे. दहा वर्षं मोठ्या मैदानांवर काढलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात घालवलेला गडी असेल, तर त्याला विचारल्याशिवाय कुठं पाठवता येत नाही. हा हक्क फार थोड्यांना मिळतो, रुफिनोला तो मिळालेला होता. बहुतेकांचे गुडघे त्याआधीच जातात.

त्या दिवशी सकाळी योकास्ता, त्याची बायको, उकडलेली कच्ची केळी घोटत म्हणाली, "विचारलं तर काय सांगशील?"

"तू सांग."

"मी सांगू? अकरा वर्षं ऑक्टोबरात तुझं तोंड बघतेय मी. दात काढून घेतल्यासारखं असतं. जा बाबा एकदाचा. पोरींना मी बघते."

"मग विचारलं की हो म्हणतो."

"लगेच नको म्हणूस. जरा थांबून म्हण. भाव राहतो."

दोघं हसली. असं सगळं ठरलं होतं. एवढंच बाकी होतं, कुणीतरी विचारायचं.

सामना दुपारचा होता. ऊन असं की बाकावर हात टेकवत नव्हता. पिचर होता लेन ट्रूइट, ओक्लाहोमाच्या गुराख्याचा मुलगा, यंदा नवाच आलेला. चेंडू तोफेसारखा, पण घाबरला की तोफेचं तोंड कुठंही वळायचं. महिनाभर रुफिनो त्याला धरून होता. त्या दिवशी मात्र चार डाव संपले तरी समोरच्यांना एक धाव मिळाली नव्हती. पिशव्यावाल्यांनी पिशव्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या.

पाचव्या डावात समोरचा एक गडी बाद झाला. लेननं नाक पुसलं. घाबरला की तो नाक पुसायचा. रुफिनो उठून त्याच्यापर्यंत चालत गेला, तोंडासमोर हातमोजा धरला.

"काय झालं?"

"काही नाही. पुढचा तगडा आहे."

"तगडा आहे, पण वाकून मारता येत नाही त्याला. पोट बघ. खाली टाक."

लेन हसला. रुफिनो परत येऊन बसला, आणि तेवढ्यात डगआउटमधला फोन वाजला. डगआउट म्हणजे खेळाडूंचं बाकडं असतं ती खालची जागा. मैदानावर संघ चालवणारा मॅनेजर, ऑरिन मॅब्री, यानं फोन उचलला, ऐकला, ठेवला. मग दोन पायऱ्या चढून बाहेर आला आणि त्यानं रुफिनोला हातानं बोलावलं. मागून दुसरा कॅचर छातीचं कवच बांधत पळत आला.

या आठवड्यात चालू डावातून गड्याला बाहेर बोलावलं की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सौदा झाला. त्याला आता दुखापत होऊ नये म्हणून झाकून ठेवायचं.

रुफिनो डगआउटमध्ये उतरला तर सगळे उभे. एकेक जण मिठी मारायला लागला. डिशॉन पार्क्स, पहिल्या बेसवरचा आडदांड गडी, मैदानावरून पळत आला होता.

"म्हाताऱ्या, सुटलास! ऑक्टोबरात तिथनं आम्हाला हात कर. आम्ही मासे धरत असू."

मागं लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पडद्यावर त्याचा चेहरा मोठा करून दाखवला. रुफिनो मिठ्यांमध्ये खांबासारखा उभा होता. सगळ्यांच्या खांद्यांवरून तो मॅब्रीकडे बघत होता.

"स्किप," तो म्हणाला. मॅनेजरला सगळे स्किपच म्हणायचे. "कुणाला विचारलं?"

"म्हणजे?"

"मला कुणी विचारलं नाही."

मॅब्रीच्या गालात सूर्यफुलाच्या बिया होत्या. चघळणं थांबलं. "वरून सांगितलं, पोर्टलंड ठरलं, काढ त्याला. मला वाटलं तुझ्याशी बोलले असतील."

"तुम्हाला वाटलं."

"मी काय करणार, रुफ?"

"मला विचारणार. मी तिथं समोर बसलो होतो. उकिडवा."

मिठ्या सुटल्या. डिशॉननं हात मागं घेतला, जणू तापल्या तव्याला लागला.

आता या खेळाचा दुसरा एक कायदा असा की एकदा बाहेर आलेला गडी त्या सामन्यात परत जाऊ शकत नाही. म्हणजे सौदा होवो न होवो, हा सामना गेला. रुफिनो पॅड न काढता बाकावर बसला आणि बघत राहिला. नव्या कॅचरनं त्या पोटवाल्याला वरचा चेंडू मागितला. लेननं नाक पुसलं आणि टाकला. चेंडू नदीच्या बाजूच्या भिंतीवरून गेला. मग पुढच्याला चार चेंडू बाहेर, म्हणजे तो फुकटात पुढे गेला. त्याच्या पुढच्याचा फटका. लेन दर चेंडूनंतर डगआउटकडे बघायचा, आणि रुफिनोला तिथून काही करता यायचं नाही. लोकांनी पिशव्या परत डोक्यावर चढवल्या.

रुफिनो उठून आत गेला. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी काढलेली होती. बॅगा भरून दाराशी लावलेल्या. मोजे, मलमाच्या बाटल्या, पोरींचा फोटो, सगळं कुणीतरी परक्या हातानं आत कोंबलेलं. मेल्या माणसाची खोली रिकामी करतात तसं. त्यानं बॅग उचलली, उपडी केली आणि सगळं कपाटात परत टाकलं. मलमाची एक बाटली फुटली. वास खोलीभर झाला.

तोवर योकास्ता आली. वर प्रेक्षकांत बसलेल्या बाकी गड्यांच्या बायकांनी तिला मिठ्या मारून रडवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस? बायांकडून कळतंय मला!"

"मला तरी कुठं सांगितलं? मला टाळ्यांवरून कळलं."

मग तिचाही पारा चढला. बानीच्या बाजारात मासे विकणाऱ्या आजीचा तोंडपट्टा तिनं ग्रॅहम सटरवर सोडला. सटर म्हणजे वरच्या ऑफिसातला, गडी घेणं-देणं बघणारा. त्याच्या सात पिढ्या नदीत बुडवून झाल्यावर तिनं श्वास घेतला.

"बरं. झालं ते झालं. आता हो म्हण."

"विचारू देत."

"रुफो."

"खाली येऊन, सगळ्यांसमोर, विचारू देत. मग म्हणतो."

"तुझा ऑक्टोबर आहे तो. त्याचा नाही. त्याच्यावर रुसून स्वतःच्या ताटात माती घालशील."

"विचारलं की हो म्हणतो. सकाळी ठरलंय ना? विचारलं की."

सामना हरून गडी आत आले. लेन कोपऱ्यात टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. रुफिनो बूट न काढता स्वतःच्या कपाटासमोर बसून होता. कुणी शॉवरला गेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळे चोरून बघत होते. बाजार उठायला थोडाच वेळ होता.

सटर आला. तरणा, तुळतुळीत दाढी केलेला, कानाला फोन. "रुफिनो! अरे, गाडी उभी आहे फाटकाशी. विमान चुकेल."

"कुठलं विमान?"

"असं काय करतोस? पोर्टलंड! पहिल्या नंबरचा संघ. मी तुझ्यासाठी किती खटपट केली माहितीय? दुसरा असता तर मला खांद्यावर घेऊन नाचला असता."

"मला विचारायला हवं होतं तुम्ही."

"यात विचारायचं काय? नाही कोण म्हणेल?"

"तेच विचारायचं असतं."

सटरनं आजूबाजूला बघितलं. पंचवीस घामट माणसं त्याच्याकडे बघत होती. मॅब्री दाराला टेकून उभा होता, नजर बुटांवर. रुफिनोला सटरपेक्षा त्याचीच चीड जास्त आली. सात वर्षं या माणसाच्या मैदानावर त्यानं गुडघे झिजवले होते.

"ठीक आहे," सटर म्हणाला. "चूक झाली. रुफिनो, पोर्टलंडला जाशील का?"

योकास्ता दारात उभी होती. तिनं हो म्हणून मान हलवली, हळूच. रुफिनोच्या जिभेवर 'हो' आला होता. खरंच आला होता. ती म्हणाली होती तसा तो जरा थांबला, एवढंच.

तेवढ्यात सटरनं फोन परत कानाला लावला, अर्धवट वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट. हो तर म्हणणारच आहे. जरा नखरे चाललेत म्हाताऱ्याचे. करू द्यावे लागतात."

खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा पोर्टलंडचा माणूस हसलेला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

रुफिनो उठला. गुडघे वाजले.

"त्याला सांग, नाही म्हणाला."

"काय?"

"कानात बोळे घातलेत का? नाही. मी जात नाही. सांग त्याला, मी ऐकतो."

"तू वेडा आहेस? इथं काय ठेवलंय तुझ्यासाठी? ऐक, इथं राहिलास तर बाकावर कुजशील. दोन महिने एक चेंडू झेलू देणार नाही. पुढच्या वर्षी तुला कुत्रं विचारणार नाही."

"कुत्र्यानं तरी हुंगून घेतलं असतं आधी," रुफिनो म्हणाला. "तू तेवढंही केलं नाहीस. नीघ इथून. आम्हाला अंघोळी करायच्यात."

सटरचं तोंड लाल झालं. तो फोनवर काहीतरी पुटपुटत गेला. मॅब्रीनं बाजूला सरून त्याला वाट दिली.

मग डिशॉन म्हणाला, "म्हाताऱ्या, देवाशप्पथ, मी असतो ना तर विमानामागं पळालो असतो." कुणी हसलं नाही. लेननं टॉवेल काढला आणि म्हणाला, "माझ्यासाठी राहिलास का तू?"

"नाही," रुफिनो म्हणाला. "डोक्यात हवा भरून घेऊ नकोस."

गाडी योकास्ता चालवत होती. नदीवरचा पूल ओलांडला. रेडिओवर सांगितलं, बाजार उठला, पोर्टलंडनं दुसराच कॅचर घेतला. तिनं रेडिओ थोबाडीत मारल्यासारखा बंद केला.

"एक सांग. खरं सांग. त्या माकडानं तो फोन खाली ठेवून विचारलं असतं तर?"

"हो म्हणालो असतो."

"म्हणजे एका फोनपायी."

"फोनपायी नाही."

"मग कशापायी? अकरा वर्षं तू रडलास, मी ऐकलं. मला काय वाटतं ते कुणी विचारलं? तू विचारलंस? मी मान हलवत होते तिथं दारात, तुझ्या डोळ्यांसमोर!"

दुपारपासून पहिल्यांदा आपला राग कुणाच्या अंगावर टाकावा हे रुफिनोला कळेना.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

सिग्नल लाल होता. पुढची गाडी नियमानं उभी होती, तिचा काही गुन्हा नव्हता. योकास्तानं हॉर्नवर हात ठेवला तो दिवा हिरवा होईपर्यंत उचलला नाही.