कोंबडीचोरांचं घर

डोंगरातल्या पिएत्रास्कूरा गावाच्या नगरपालिकेत जेरार्दो कारकुनाने चौथं रजिस्टर मिटलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, दोनातो लारोक्का म्हणालात ना? अकरा निघाले. त्यातले सहा अर्जेंटिनाला गेलेले. तुम्हाला कुठला देऊ?"

नेलिदाला हसू आलं नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, अर्जेंटिनातल्या रोसारिओहून दोन विमानं, एक रेल्वे आणि वळणावळणाची एक बस बदलून आजोबांच्या या गावी आली होती. तिला दस्तऐवज नको होता, वंशवृक्षाची चौकट करून भिंतीवर टांगायचीही नव्हती. तिला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि तो प्रश्नही तिचा नव्हता, तिच्या वडिलांचा होता. ओस्वाल्दोने शहाऐंशीव्या वर्षी तिचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या बापानं, दोनातोनं, अकरा वर्षं गावी त्याच्या आईला पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. आईनं मला टाकलं, असं म्हणत गेला तो. का टाकलं, एवढं विचारून ये. मी आहे तोवर ये."

टाकलंच असेल तर? बसमध्ये हाच विचार तिला वळणांपेक्षा जास्त छळत होता.

"दोनातोच्या आईचं नाव मारिया लारोक्का," ती म्हणाली.

"वा! त्या किती काढू? सात?" जेरार्दो खुर्चीत रेलला. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, नाही ठेवलं तर आजोबांनी वर्षभर जेवायला यायचं नाही, अशी तिथली रीत. मग गावात एकाच नावाची माणसं पैशाला पासरी होणार नाहीत तर काय! "आडनाव सरकारसाठी असतं हो ताई. घराचं नाव सांगा. आता आम्ही लंगड्यांचे. माझे दोन्ही पाय धड आहेत, पण पणजोबांचा एक आखूड होता, त्याला मी काय करू? तुम्ही कुणाचे?"

नेलिदाला ठाऊक नव्हतं. तिने वडिलांना फोन लावला. रोसारिओत सकाळचे सहा वाजले होते आणि म्हातारा नेहमीप्रमाणे कढत माते, तिकडचा कडवट पाल्याचा चहा, नळीने ओढत बसला होता.

"बाबा, आपल्या घराला इथे काही वेगळं नाव होतं का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"एकदा एक गाववाला आला होता," ओस्वाल्दो म्हणाला. "दारातूनच त्यानं तुझ्या आजोबाला हाक मारली. आजोबानं दार त्याच्या तोंडावर लावलं. मी सात वर्षांचा. जेवताना सहज ती हाक मारून पाहिली, तर अशी कानफटात बसली की सूप नाकातून आलं. त्यानंतर घरात तो शब्द कुणी काढला नाही."

"कुठला शब्द?"

"तिथे आणखी कोण आहे?"

"एक कारकून आहे."

"मग हळू ऐक." आणि शहाऐंशी वर्षांचा माणूस, घरात दुसरं कुणी नसताना, कुजबुजला, "कोंबडीचोर."

नेलिदाने कुजबुजूनच ते पुढे सांगितलं. जेरार्दो उठून उभा राहिला.

"अहो, मग सकाळपासून मला धूळ कशाला खायला लावली? कोंबडीचोरांचं घर पावाच्या भट्टीच्या मागे आहे. चला!" रस्त्यात भेटेल त्याला तो सांगत सुटला, "कोंबडीचोरांची आहे, अमेरिकेतली!" तिथे अर्जेंटिनालाही अमेरिकाच म्हणत. लोक टोपीला हात लावत होते. नेलिदाचे कान तापले, पण कुणी हसत नव्हतं.

भट्टीमागच्या घरात इनकोरोनाता लाल मिरच्या दोऱ्यात ओवत बसली होती. दोनातोचा धाकटा भाऊ कानियो, त्याची ही मुलगी, म्हणजे नेलिदाची आत्या. एकोणऐंशी वर्षांची, पण आवाज खणखणीत.

"दोनातोची नात?" तिने नेलिदाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "हो, नाक आमचंच आहे. बस. आधी खा."

पावाबरोबर तळलेल्या कुरकुरीत मिरच्या आल्या. दुसरा तुकडा संपल्याशिवाय तिने तोंड उघडू दिलं नाही.

"आत्या, खरंच कोंबडी चोरली होती?"

"छे गं! कोंबडी आपणहून आली होती. आम्ही फक्त दार लावून घेतलं."

नेलिदा हसली आणि हसता हसताच तिने विचारून टाकलं. "आजोबांच्या पत्रांना उत्तर का नाही दिलं?"

इनकोरोनाताने सुई मिरचीत खोचून ठेवली.

"पाकिटावर काय लिहायचा तुझा आजोबा? मारिया लारोक्का, पिएत्रास्कूरा. संपलं. घराचं नाव नाही. अमेरिकेत गेला ना, मग कोंबडीचोर म्हणवून घ्यायची लाज! पोस्टमनने ते पत्र दिलं खालच्या आळीतल्या मारियाला. तिचाही दोनातो तिकडेच गेलेला, एकुलता एक, आणि त्याची दोन वर्षं खबर नव्हती. तिला मोतीबिंदू, दिसत नव्हतं. वाचायला तिने बोलावलं कुणाला? माझ्या बापाला. जवळपास वाचता येणारा तोच."

"म्हणजे कानियोआजोबांना कळलंच असेल!"

"पहिल्याच ओळीत. स्वतःच्या भावाचं अक्षर ओळखणार नाही? पण तिच्या तोंडावर सांगवेना. घरी येऊन त्याच्या आईला, माझ्या आजीला, सांगितलं. आजी तरातरा निघाली पत्र आणायला. खालची मारिया दारातच होती, पत्र छातीशी धरून. म्हणाली, बाई गं, माझा जिवंत आहे! आजी तिथेच बसली. बसली, तिचं ऐकलं आणि पत्र न मागताच परत आली. माझे अजून तीन आहेत, म्हणाली, तिचा एवढाच."

अकरा वर्षं हेच चाललं. पत्र आलं की कानियो वाचायचा आणि घरची नावं गाळायचा. शेजारच्या स्टुलावर त्याची आई बसायची, स्वतःच्या मुलाची खुशाली परक्याची म्हणून ऐकायची. खालची मारिया त्याच्याकडून उत्तरं लिहवून घ्यायची आणि आपल्या मुलाच्या ब्वेनोस आयरेसच्या जुन्या पत्त्यावर धाडायची. ती कुठे जायची देव जाणे. खालची मारिया वारली तेव्हा सगळी पत्रं तिच्याबरोबर शवपेटीत ठेवली, तशी तिची इच्छा होती.

नेलिदाला राग आला, अगदी खरा. दया केली ती चांगलीच, पण केली कुणाच्या जिवावर? रोसारिओच्या गोदीत पोती वाहून घरी आल्यावर रोज दारातली टपालपेटी उघडून बघणाऱ्या माणसाच्या. ती तसं बोलूनही गेली.

"खरंय," इनकोरोनाता म्हणाली. "आजीही तेच म्हणायची. ती बाई गेल्यावर तिने एक पत्र लिहवलं. तोवर त्याने घर बदललं होतं. परत आलं. पुढच्याच वर्षी आजी गेली, आणि बापाला पुन्हा लिहायचं धाडस झालं नाही."

तिने कपाटातून पाकीट काढलं. परतीचा जांभळा शिक्का, चिकटवलेलं तोंड तसंच.

"फोडू नका, म्हणाली होती. ज्याचं आहे तो फोडेल."

नेलिदाने पुन्हा फोन लावला, स्पीकर चालू केला आणि जे ऐकलं ते सगळं वडिलांना सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "फोडू?"

"फोड."

कागद घड्यांवर फाटायला आला होता. ती सावकाश वाचू लागली.

"बाळ दोनातो, तुझं प्रत्येक पत्र मी ऐकलं. तुझी दाढ दुखत होती तेही, आणि तू नवे बूट घेतलेस तेही. तुला उत्तर दिलं असतं तर एका आईचा मुलगा मेला असता, म्हणून मी गप्प बसले. त्याची किंमत तू दिलीस, हे मला कळतं. आता मला लिही. रागावूनच लिही, पण लिही. आणि पाकिटावर घराचं नाव घाल. लाजू नकोस. ते नाव असलं की पत्र आईकडे येतं."

रोसारिओत म्हातारा रडत होता. लपवतही नव्हता. नेलिदाने वाट पाहिली, इनकोरोनाताने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं, आणि दाराशी उभा जेरार्दो उगाच मिरच्या मोजू लागला.

"त्या बाई आहेत का तिथे?" ओस्वाल्दोने विचारलं.

इनकोरोनाता फोनवर वाकली. "आहे. कोण बोलतंय?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग ओस्वाल्दो मोठ्याने, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा बोलला.

"कोंबडीचोरांचा ओस्वाल्दो. दोनातोचा थोरला."

"मग फोन बरोबर घरी लागलाय," ती म्हणाली. "बोल, दादा."