धापूच्या विहिरीचं पान

मी एक नोंदवही बोलतेय. गोड बोलायला आलेली नाही. माझी निम्मी पानं फाडली गेलीत, आणि ती कुणी फाडू दिली हे मला ठाऊक आहे.

१९५७ साली जयपूरला, सी-स्कीम नावाच्या वस्तीतल्या एका संशोधन केंद्रात माझ्यात पहिली ओळ लिहिली गेली. लिहिणाऱ्या साताऱ्याच्या प्रभाताई साठे. उन्हाळाभर त्या जीपने खेड्यांतून हिंडल्या. चारशे माणसांचे दात तपासले, गुडघे मोजले, कोण कुठल्या विहिरीचं पाणी पितं आणि त्या पाण्यात फ्लोराइड किती, ते माझ्यात नोंदवलं. त्या पाण्याने हाडं वाकतात, त्याचा तो अभ्यास होता. लोक विचारत, "इससे क्या होगा?" त्या सांगत, "आपके ही काम आएगा."

दोन वर्षांनी अहवाल छापला. वर नाव प्रमुखांचं, डॉ. वसंतराव माट्यांचं. आत नुसत्या गावोगावच्या सरासऱ्या. एकेका विहिरीचा आकडा फक्त माझ्यापाशी होता.

पुढच्या वर्षी नवी कपाटं आली. वसंतराव म्हणाले, "अहवाल निघाला, आता ही अडगळ कशाला? वर्षभर ठेवली, पुष्कळ झालं."

"साहेब, माणसं अजून तेच पाणी पिताहेत."

"मग त्यांनी अहवाल वाचावा."

इंग्रजी अहवाल. माझ्या पानांवर सह्या कमी आणि अंगठेच जास्त होते.

प्रभाताई रजेवर गेल्या आणि मी रद्दीत गेले. माझ्या पानांनी चपराशाने खिडक्यांच्या काचा पुसल्या. परत आल्यावर ताईंनी उरलेल्या मला खणात कोंबलं.

१९६४ मध्ये धापू नावाची बाई गावाहून चालत आली. तिच्या धाकटीचे पाय वाकू लागले होते. "डॉक्टरनीजी, हमारे यहाँ दो कुएँ हैं. अच्छा कौन-सा है?"

ताईंनी मला उघडलं. धापूच्या गावाचं पान नव्हतं. त्यांनी दोनदा चाळलं, मग मला घेऊन वसंतरावांच्या खोलीत गेल्या.

वसंतराव म्हणाले, "नवे नमुने मागवू." नमुन्यांना अकरा महिने लागले. पूर्वेकडची विहीर वाईट निघाली. पोरगी तिचंच पाणी पीत होती. आता तिचे गुडघे सरळ होत नाहीत.

निकाल ऐकायला धापू पुन्हा आली. वसंतरावांकडे बघत म्हणाली, "रखना नहीं था, तो नापा क्यों था?"

ते घड्याळ बघून उठले.

आता मला कुलपात ठेवलंय. वसंतरावांनी नवा नियम काढलाय, कागद पाच वर्षं जपावेत. पाचच का, हे विचारायची कुणाची छाती नाही, म्हणून मी विचारते. मोजलेली मुलं पाच वर्षांत मरतात का?

ज्याचं हाड मोजलं, तो जिवंत असेतो त्याचा आकडा सांभाळा. तेवढं होणार नसेल, तर टेप घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका.