कॉलरला लागलेला धूर

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा कोट आहे आणि आता फार दमलो आहे. दारामागच्या खुंटीवर लटकून लटकून माझे खांदे उतरले आहेत. कोपरांना ठिगळे आहेत आणि मधले बटण दुसऱ्याच कुठल्यातरी कोटाचे आहे. तुम्ही जवळ आलात तर नाक मुरडाल. मुरडा बापडे! या शहरातल्या साऱ्या बार्बेक्यू खानावळींचा धूर माझ्या अंगात मुरला आहे, आणि धूर म्हणजे काही अत्तर नव्हे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. शिंपी मला स्वतःच्या जावयासाठी शिवत होता, म्हणून त्याने कशातच हात आखडता घेतला नाही. अस्तर दुहेरी, खिसे खोल, कॉलर चांगली रुंद. "जावईबापूंना थंडीत बाहेर फिरावं लागतं," असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. बाहेर फिरून जावई काय करतो, हे सांगायची मात्र त्याला लाज वाटे. कारण जावई खात असे. खाणे हाच त्याचा धंदा होता. तो एका वर्तमानपत्रात शहरातल्या खानावळींबद्दल लिही, आणि निखाऱ्यावर भाजलेले मांस म्हणजे तर त्याचा जीव की प्राण.

हेच माझे मालक. त्यांची एक अजब रीत होती. ताटावर बसून ते कधीच मत ठरवत नसत. म्हणत, "जिभेचं काही खरं नाही. पोटात कावळे ओरडत असले की तिला चामडंसुद्धा गोड लागतं." घरी आले की ते मला सज्जात टांगत. सकाळी चहाच्याही आधी माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसत आणि डोळे मिटून उभे राहत. सुक्या लाकडाचा धूर सकाळीही गोडसर लागे. ओल्या लाकडाचा आंबूस. चरबी ज्वाळेत करपली असेल तर कडवट. मग ते लिहायला बसत. तोवर मला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. मालकीणबाई म्हणत, "बायकोपेक्षा कोटाचं ऐकणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता!"

असा मी शहरभर हिंडलो. एका उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर काचेची खानावळ होती. तिथे माणसे कुजबुजत जेवत, आणि धूर वरच्या वर यंत्राने ओढून घेतला जाई. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगाला नुसता साबणाचा वास! मालक म्हणाले, "हे लोक गॅसवर भाजतात आणि वर काळ्या रेघा मारतात." बाजारामागे एक आडदांड माणूस बरगड्या तासन् तास मंद आचेवर ठेवी आणि गिऱ्हाइकाने घाई केली तर त्याला चक्क बाहेर काढी. त्याच्याकडे जाऊन आल्यावर मालकांनी मला तीनतीनदा हुंगले. पुलाखालच्या एका ठिकाणी मात्र मसाला इतका चोपडत, की खाली मांस आहे की पुठ्ठा हे खाणाऱ्याला कळू नये.

हळूहळू माझा भाव वधारला. "हाच तो कोट!" म्हणून लोक बोट दाखवू लागले. खानावळवाले मालकांच्या आधी मला खुर्ची देत. कुणी मला भट्टीजवळ नेऊन टांगे, जसा काही मीच पाहुणा. पहिल्यांदा छाती फुगली, नाही असे नाही. पण मित्रांनो, रोज नवा धूर पोटात घ्यायचा आणि सकाळी साक्ष द्यायची, हे काम अंगावर येते. हंगाम संपेपर्यंत मला धुवायचे नाही, झटकायचे नाही. माझा शीण कुणी विचारला नाही.

एका हिवाळ्यात वर्तमानपत्राने शहरातल्या उत्तम बार्बेक्यू खानावळींची खास पुरवणी काढायचे ठरवले. मालक रोज संध्याकाळी एकेक ठिकाण धरू लागले. असेच एकदा आम्ही बस डेपोच्या मागच्या गल्लीत, नणंद-भावजयीच्या खानावळीत गेलो. सगळे तिला त्याच नावाने ओळखत. भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा मोठा भाऊ, वारला होता, आणि त्याची भट्टी या दोघींनी विझू दिली नव्हती. दोघी वरच्या खोलीत राहत. नणंद आगीपाशी उभी असे, भावजय टेबले सांभाळी, आणि दोघींची जुगलबंदी दिवसभर चाले. अर्धी गिऱ्हाइके मांसासाठी येत, अर्धी ती ऐकायला.

"वहिनी, बरगड्यांना वेळ लागेल म्हणून सांगा त्यांना," नणंद भट्टीवरून ओरडली.

"मघाशीच सांगितलं, वन्सं. बिचाऱ्यांचे केस पिकले वाट बघून."

"पिकू देत. कच्चं नाही वाढणार मी."

"कच्चं नका वाढू, पण ते जिवंत आहेत तोवर तरी वाढा!"

सगळी खानावळ हसली. भावजय ऐटीत वळली, आणि तिच्या हातातले पाण्याचे भांडे थेट माझ्यावर कलंडले. माझी एक बाही चिंब झाली.

"अगं बाई! माफ करा हं. बघा वन्सं, तुमच्या नादात यांचा कोट भिजवला मी!"

"माझ्या नादात? भांडं कुणाच्या हातात होतं?"

मालकही हसले. मग मांस आले आणि त्यांचे हसू थांबले. त्यांनी एकेक हाड चोखून लख्ख केले. मला तर तो धूर आजही आठवतो. फळझाडाचे सुके लाकूड, शांत निखारे, कुठे घाई नाही. मी मनात म्हटले, उद्या सकाळी या दोघींचे नशीब उघडणार.

घरी आल्यावर मालकांनी मला नेहमीसारखे सज्जात टांगले आणि ते झोपी गेले. मालकीणबाईंनी माझी ओली बाही चाचपली. हा कोट घालून उद्या बाहेर पडले तर यांच्या छातीत कफ धरेल, असे त्यांना वाटले. त्यांच्या शिवणाच्या खोलीत लेकीने नुकताच रॉकेलचा हीटर आणून ठेवला होता. त्यांनी मला त्याच्यासमोर खुर्चीवर पसरले. मी वाळलो. उजाडायच्या आत त्यांनी मला परत सज्जात नेऊन टांगले, आणि दंडक मोडला म्हणून ओरडा नको, असा विचार करून त्या गप्प बसल्या. त्यात कपट काही नव्हते, माया होती. मित्रांनो, पुढचे सगळे त्या मायेतूनच झाले.

सकाळी मालकांनी कॉलरमध्ये नाक घातले आणि त्यांचा चेहरा पडला.

"रॉकेल!"

कोळसा चटकन पेटावा म्हणून काही लबाड दुकानदार वर रॉकेल ओततात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा राग मस्तकात गेला. "आणि काल मी बोटं चाटत होतो! असा कसा फसलो मी?" ते एकटेच पुटपुटत राहिले. स्वतःच्या जिभेवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. मी ओरडून सांगू पाहत होतो, पण कोटाला कॉलर असते, गळा नसतो. इथे रॉकेलवर भाजतात, असे मालकांनी लिहिले, आणि पुरवणीत ते छापून आले.

नंतर डेपोवरून जाताना ती गल्ली दिसायची. आधी काही टेबले रिकामी असत, मग सगळीच. एकदा भावजय दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. आतून कुणाचाच आवाज येत नव्हता.

हिवाळा सरता सरता एका लग्नाला जायचे होते. मालकीणबाईंनी धुतलेली शाल हीटरसमोर वाळवली आणि खांद्यावर घेतली. मालकांनी नाक वर करून हवा हुंगली.

"अगं, तू कधी गेलीस त्या रॉकेलवाल्यांकडे?"

"कोण रॉकेलवाले? हीटरवर वाळवलीये शाल." आणि बोलता बोलता त्यांनी शाल खांद्यावरून उतरवली. "अहो... त्या दिवशी कोटसुद्धा मीच वाळवला होता."

मालकांनी शालीचे टोक हुंगले. मग मालक म्हणाले, "आता छापलेलं काय पुसता येतं? लोक हसतील मला."

"हसू देत. त्या दोघींच्या पोटावर पाय आलाय. तुमच्या नाकाचं कौतुक पुरे झालं!"

मालकांनी चूक कबूल करून दुरुस्ती लिहिली. ती आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, चार ओळींत छापली गेली. कोडे सोडवणाऱ्यांनी कदाचित वाचली असेल. मग एका दुपारी ते मालकीणबाईंना घेऊन डेपोमागच्या गल्लीत गेले. मी त्यांच्या हातावर होतो. अंगात घालायची त्यांना हिंमत झाली नसावी.

खानावळीची पाटी उतरवलेली होती. नणंद एकटीच भट्टीतली राख भरत होती. मालकांनी सगळे सांगितले, कोट, ओली बाही, हीटर, काही लपवले नाही. हात जोडून ते म्हणाले, "मी पुन्हा लिहितो. पहिल्या पानावर छापायला लावतो. तुम्ही दुकान उघडा. काय लागेल ते सांगा."

नणंदेने हात झटकले. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"वहिनी गेल्या माहेरी. त्यांचा भाऊ येऊन घेऊन गेला त्यांना. इथे बसून दोघींनी खायचं काय?" ती म्हणाली. "जाताना रडल्यासुद्धा नाहीत. मीही नाही. आम्हाला भांडायची सवय, रडायची नाही ना." तिने रिकाम्या टेबलांकडे पाहिले. "दुकानाचं काय, दुकान दुसरं मिळेल हो. पण भांडायला माणूस कुठून आणू?"

मालकांचे जोडलेले हात खाली आले. मालकीणबाई पुढे झाल्या आणि काही न बोलता राख भरू लागल्या.

त्या दिवसापासून मी या खुंटीवर आहे. मालक अजून खातात, अजून लिहितात, पण आता भट्टीपाशी जाऊन आधी विचारतात आणि मग लिहितात. मला कुणी हुंगत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण मी खरोखर दमलो आहे. कपड्यांना ऊन दाखवा, त्यांना ब्रश फिरवा, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच. मला तुम्हाला दुसरेच सांगायचे आहे. मित्रांनो, कुणाच्या कामाला नाव ठेवायची वेळ आली, तर आधी त्याच्या दारात जा आणि त्यालाच विचारा. कोटाला विचारू नका. कोट बिचारा, जिथे टांगाल तिथलाच वास सांगतो.