कमानी बघायला गेलेला माणूस

दीपनगरच्या वीज केंद्रातले तोताराम महाजन देव मानत नसत. हे ते रोज कुणाला तरी सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत. म्हणून मग दर्ग्यातली फजितीही पुढे त्यांनाच सांगावी लागली, आणि ती ते तिखटमीठ लावून, स्वतःचं हसं करत सांगत.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या बायकोचं, लताबाईंचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. बाई अमळनेरकडच्या, मनातलं तोंडावर बोलणाऱ्या. ऑपरेशनआधी त्यांनी तापीकाठच्या चिश्ती पीराला चादर चढवायचा नवस बोलला. त्या आत असताना तोतारामभाऊ बाहेर पेपर वाचत बसले होते, थेट कापसाच्या भावापर्यंत. नणंदेने बाईंच्या कानावर हे घातलं, नणंदच ती. तेव्हापासून लताबाई वेळेवर जेवायला वाढत, पण बोलणं कामापुरतंच. आपण मेलो असतो तरी या माणसाने पुढचं पान उलटलं असतं, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं.

वर्षाने त्या नवस फेडायला निघाल्या, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं, "मी येतो, पण फक्त दर्ग्याजवळच्या मशिदीच्या कमानी बघायला. जुनं बांधकाम आहे."

एस.टी.त कंडक्टरलाही त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला, "दोनच तिकिटं ना?"

काळ्या दगडाच्या त्या कमानी खरंच देखण्या होत्या. पण भाऊंनी मान वर केली न केली तोच मजारीपाशी, म्हणजे पीराच्या कबरीपाशी, तिथली सेवा बघणारे मुजावर म्हणाले, "बायका जाळीबाहेर थांबतात. चादर घरच्या पुरुषाने न्यायची." लताबाईंनी चादर भाऊंच्या हातात दिली. डोकं झाकायचा रुमाल घरी राहिलेला, तेव्हा दारातली सगळ्यांसाठीची टोपी घालावी लागली. ती कानांपर्यंत उतरली. सत्यनारायणाला फक्त शिऱ्यापुरती हजेरी लावणारा माणूस डोक्यावर चादर घेऊन आत निघाला.

चादर चढली. मुजावरांनी विचारलं, "मन्नत किस बात की थी?"

"बायको बरी झाली" एवढंच सांगायचं होतं. भाऊंनी कॉलनीतल्या हिंदीत सुरुवात केली, "इनका ऑपरेशन था..." आणि पुढे तोंडून भलतंच निघालं. "मैं बहुत डर गया था, बाबा. पेपर हाथ में था, लेकिन एक अक्षर दिख नहीं रहा था." आणि ते हमसून हमसून रडले.

मजारीकडे पाठ करायची नाही, म्हणून ते उलट्या पावली निघाले. डोळ्यांत पाणी, पाय उंबरठ्याला अडखळला, आणि भाऊंनी बाहेर थेट लताबाईंच्या पायांशी बसकण मारली. जाळीपाशी उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या.

लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हाई माले दवाखानामा सांगाले काय व्हयनं व्हतं तुमले?"

"तुला आणखी कशाला घाबरवायचं?"

"मंग आते सांगा."

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. बायका कान देऊन उभ्या. पीराला सांगणं सोपं गेलं होतं. पीर काही त्यांच्याबरोबर संसार करत नव्हता.

"खूप घाबरलो होतो, लता," ते म्हणाले.

लताबाईंनी हात देऊन त्यांना उठवलं, आणि हात सोडला नाही.

"मी बी," त्या म्हणाल्या.