हेल्मेटमधली वहिनी

"घसा बसलाय तिचा," मी शाळेच्या फाटकावरच्या शिपायाला सांगितलं. "काय विचारायचं ते मला विचारा."

शिपायाने वहिनीच्या गळ्याभोवतीच्या मफलरकडे पाहिलं आणि आम्हा दोघींना आत सोडलं.

वहिनीचा घसा अजिबात बसलेला नव्हता. सकाळीच तिने दुधातल्या पाण्यावरून दूधवाल्याला असं फैलावर घेतलं होतं, की खालच्या मजल्यावरच्यांनीही आपापली पातेली तपासली. पण इथे आल्यावर बोलायचं नाही, असं ठरलं होतं. तिच्या मुलानेच तसं सांगितलं होतं. "आत्या, आईला आण," तो फोनवर म्हणाला होता, "पण तिला बोलू देऊ नकोस, प्लीज." तेव्हा बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला ते जड नव्हतं. दिवसभर शिलाई मशीनच्या वर आवाज चढवून गिऱ्हाइकांशी बोलायची सवय आहे मला.

वहिनी बसस्थानकावर सूचना सांगायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीये, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीये. दादा गेल्यावर त्याच नोकरीवर तिने घर ओढलं. गाडी फार उशिरा येणार हेसुद्धा ती अशा सुरात सांगायची, की भांडायला आलेला माणूस मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचा. कुणीतरी हे हेरलं. एक दिवस दोन अधिकारी आले आणि तिला भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत घेऊन गेले. तिथे तिने कित्येक दिवस सुटे सुटे शब्द म्हटले. थांब. वाक. पळ. डावीकडे. मागे बघू नकोस. शाब्बास. मुलांच्या शिक्षणासाठी आहे, असं तिला सांगण्यात आलं, आणि ते खोटंही नव्हतं. तिने अख्ख्या इमारतीत सांगितलं आणि मी अख्ख्या बाजारात.

मुलं म्हणजे या शाळेतली. तेरा-चौदा वर्षांची झाली की परीक्षा घेऊन निवडायची, हेल्मेट घालून खुर्चीत बसवायची, आणि दूर कुठेतरी उभी असलेली लोखंडी यंत्रं स्वतःच्या हातापायांनी चालवायला शिकवायची. लढाई अजून लागलेली नव्हती. लागेल तेव्हा मोठ्या माणसांचे हात तिला पुरे पडणार नाहीत, असं वरच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. हेल्मेटमध्ये कानाशी एकच आवाज असायचा, आता काय करायचं ते सांगणारा. तो वहिनीचा.

मग एका वर्षी आमचा ढब्बूच निवडला गेला. ढब्बू म्हणजे वहिनीचा मुलगा. आता त्याच्या अंगावर चिमटीत येईल एवढंही मांस नाही, पण लहानपणीचं नाव चिकटलंय. पहिल्या दिवशी हेल्मेट घातल्याबरोबर तो ओरडला होता, "ही माझी आई आहे!" सरांनी त्याला समजावलं की पहिल्या दिवशी सगळ्यांनाच तसं वाटतं. बाकीची मुलं हसली. त्यानंतर त्याने तिथे आईचा विषय काढला नाही.

मागच्या सुट्टीत तो घरी आला होता. आम्ही तिघं गच्चीवर चादरी काढायला गेलो. तारेत डोकं अडकेल म्हणून वहिनी नुसतं "वाक!" म्हणाली, तर ढब्बू धाडकन पालथा पडला. कोपरं सोलवटली, गाल सिमेंटला टेकला, आणि बोटं जमिनीवर कसली तरी बटणं दाबत राहिली. शेजारची पोरं खिदळायला लागली आणि मग आपोआप गप्प झाली. वहिनीने "ऊठ" म्हटलं तेव्हाच तो उठला. कुणाकडे न बघता खाली गेला. सुट्टी संपेपर्यंत वहिनी घरात कुजबुजत होती. भाजी चिरतानाही आमच्याकडे पाठ करून बसायची. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, माझ्यासमोरसुद्धा.

आजची भेट शेवटची होती. उद्या ढब्बूची तुकडी लांबच्या ठाण्यावर, खऱ्या यंत्रांवर जाणार होती. तिथे घरच्यांना सोडत नाहीत, आणि मुलं किती दिवसांनी सुटतील ते कुणीच सांगत नव्हतं. वहिनीला निघायच्या आधी त्याला एकच वाक्य सांगायचं होतं, त्याच्या कानाशी, हळूच. आठवडाभर ती ते वाक्य जुळवत होती.

"मी तिथे म्हटलेला एकही शब्द त्यात नको," ती म्हणाली होती.

"सांभाळून राहा म्हण."

"म्हटलंय. पूल ओलांडताना."

"घाबरू नकोस?"

"तेही म्हटलंय. ते तर दहा तऱ्हांनी म्हणून घेतलं."

"मग जेवलास का विचार. ते काही म्हणून घेतलं नसेल."

"जेवलास का विचारायला एवढ्या लांब जायचं?" असं म्हणून ती हसली. पण मला दिसलं, की तिने तेही मनात तपासून पाहिलं.

भेटीचा हॉल मोठा होता. भिंतीकडेला बाकं, मधे पालक, आणि चहा द्यायला मुलंच. ढब्बू चहाच्या पिंपाची ढकलगाडी घेऊन फिरत होता. त्याने लांबून आम्हाला पाहिलं, मान हलवली, वहिनीच्या मफलरकडे बघून जरासा हसला. वहिनी एवढी खूश झाली की तिने मफलर आणखी एक वेढा घट्ट केला.

माझी नजर कपड्यांवर जाते, त्याला इलाज नाही. वाढत्या पोरांच्या कपड्यात आम्ही शिंपी दोन बोटं माया आत दुमडून ठेवतो, पुढच्या वर्षी उसवून वाढवायला. या पोरांच्या गणवेशात कुठेच ती ठेवलेली नव्हती. बाही जिथे संपत होती तिथे कापडही संपत होतं.

"तुमचं कोण आहे इथे?" किटली घेऊन आलेल्या एका मुलीने विचारलं. मान बारीक, कॉलरचं बटण चुकीच्या काजात.

"आहे एक," मी म्हणाले. "तुझ्या घरचे कुठायत?"

"माझं कुणी येत नाही," ती म्हणाली, आणि एका हातात माझा कप धरून त्यात चहा ओतायला लागली.

तेवढ्यात कुणाचं तरी धाकटं पोर दुडुदुडु धावत सुटलं, थेट ढब्बूच्या गाडीपुढे. पिंपात उकळता चहा होता. ढब्बूचं लक्ष आमच्याकडे होतं.

"थांब!" वहिनी ओरडली.

गाडी जागच्या जागी थांबली. पोर तिच्या चाकाला हात लावून पुढे पळून गेलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण हॉलमधली सगळी मुलं थांबली होती. कुणाचा पाय उचललेला, कुणाचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं. पालक हलत होते, मुलांना हाका मारत होते, खांद्याला धरून हलवत होते, आणि एकही मूल हलत नव्हतं.

माझ्यासमोरची मुलगीही थांबली होती. किटली तिरकी तशीच. माझा कप भरला, वाहिला, आणि कप धरलेल्या तिच्या बोटांवरून चहा खाली सांडत राहिला. ती बोटं काढेना. मी किटली हिसकावली तेव्हा तिची बोटं लालबुंद झाली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पण हात तिथेच.

एक सर धावत आले. "कोण बोललं? तुम्ही? बाई, पुढचं म्हणा लवकर! पुढचा शब्द आल्याशिवाय हलायचं नाही अशी सवय आहे त्यांना. आणि आम्ही म्हणून चालत नाही, तोच आवाज लागतो."

वहिनीकडचे शब्द तरी कुठले होते? वाक म्हणावं तर सगळी जमिनीवर आपटतील. पळ म्हणावं तर हातात गरम किटल्या. तिने मुलीच्या बोटांकडे पाहिलं.

"शाब्बास," ती म्हणाली.

सगळी मुलं सैल झाली. आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हसू आलं, सगळ्यांच्या, एकदम. ते मला बघवेना. समोरची मुलगी बोटांवर फुंकर मारत मारत हसत होती.

"मला पहिल्यांदाच मिळाली," ती म्हणाली. "बाकीच्यांना रोज मिळते."

"कशाबद्दल मिळते गं?" मी विचारलं.

"पडद्यावरचा माणूस हलायचा थांबला की. माझा नेम चुकतो."

वहिनी बाकावर बसली. तिने दोन्ही हातांनी मफलर तोंडावर दाबून धरला. त्या गादीच्या खोलीत तिने शाब्बास म्हणताना समोर ढब्बूला उभं केलं होतं, पाढे न चुकता म्हणणाऱ्या ढब्बूला. तसं केलं की सूर छान लागतो, असं तिने मला तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं.

सर मात्र भलतेच खूश होते. "काय आवाज आहे! रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्षात चांगला. नवीन शब्द भरायचेच होते आम्हाला. तुम्ही कुणाच्या आई?"

ढब्बू ढकलगाडीचा दांडा धरून उभा होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, नजर चाकावर. उद्या ज्या मुलांबरोबर जायचं ती सगळी आजूबाजूला. बोलायचं काम माझ्याकडे होतं. आणि मी, बाजार डोक्यावर घेणारी मी, गप्प बसले.

"कुणाचीच नाही," वहिनी म्हणाली. "हिच्या सोबतीला आलेय. हिचा भाचा आहे इथे."

ढब्बूने मान वर केली नाही. पण त्याचे खांदे खाली आले, आणि ते वहिनीनेही पाहिलं. ते पाहून मला त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. मी तरी काय वेगळं केलं होतं?

वेळ संपल्यावर मुलांना कुंपणापाशी ओळीत उभं केलं. आता कानाशी हळूच सांगणं शक्यच नव्हतं. आम्ही फाटकाबाहेर आलो, चार पावलं गेलो, आणि वहिनी वळली. तिने मफलर सोडला. बसस्थानकावर शेवटच्या फलाटापर्यंत पोचायचा तो सगळा आवाज तिने लावला.

"परत ये."

नाव तिला घेता येत नव्हतं. आत्ताच तर तिने सांगितलं होतं की ती कुणाचीच नाही. पण वाक्य तिला सापडलं होतं. त्या खोलीत तिच्याकडून सगळं म्हणून घेतलं होतं, हे तेवढं कुणी म्हणून घेतलं नव्हतं.

ओळ हलली नाही. मुलं तिच्याकडे बघत राहिली. हा हुकूम त्यांना शिकवलेलाच नव्हता. ढब्बू सरळ समोर बघत होता. त्याचेही पाय जागचे हलले नाहीत. ओळीच्या टोकाला ती बारीक मानेची मुलगी मात्र एक पाऊल पुढे आली. तिने वहिनीकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. आपण एकटीच पुढे आलोय हे तिच्या लक्षात आलं. भाजलेला हात पाठीमागे लपवून ती पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली.

बस येईपर्यंत वहिनीने मफलर पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला होता. बसमध्ये कंडक्टर आला, कुठे जायचंय म्हणून त्याने तिला दोनदा विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"घसा बसलाय का त्यांचा?" त्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि आमची दोघींची तिकिटं काढली.