फोटोत न आलेल्या खोल्या

"बाई, तुम्ही त्या जिनाला वाचवून राह्यल्या, पण ते वाचलं ना, की सगळ्यात आधी आम्हालाच उठवतेत. लिहून ठेवा."

ज्योत्स्नानं हे सांगितलं तेव्हा शरयू हसली होती. "काहीतरीच तुझं! वारसा वाचवायचा म्हणजे माणसांसकटच ना?" असं म्हणून तिनं विषय झटकून टाकला होता. ज्योत्स्ना जिनामागं राहणाऱ्या बेबीनंदामावशींची लेक. लग्न होऊन जालन्यात असते, दवाखान्यात नर्स आहे. तिनं पुढं वाद घातला नाही. आईसाठी आणलेली औषधं फळीवर मांडली आणि गाडीला निघून गेली.

जाफराबादच्या कडेला ते जुनं जीन उभं होतं. दगडी भिंती, विटांचं उंच धुराडं, आत कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची गंजून गेलेली रांग. मागच्या अंगाला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. जीन बंद पडलं तसे एकेक जण उठून गेले. शेवटच्या खोलीत बेबीमावशी तेवढ्या राहिल्या. जाणार कुठं? उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जिनात काढली. तिथली रुईची धूळ छातीत उतरली ती कायमची. पाण्याची घागर उचलली तरी दम लागायचा.

शरयू कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची आणि लहानग्या लेकाला, अद्वैतला, बेबीमावशींकडे ठेवायची. शरयूचा जीव सदा टांगणीला. पोरगं शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघणार. पहिल्या दिवशी तर तिनं मावशींच्या खोलीतला कोपरा न् कोपरा धुंडाळला होता. विंचू, खिळे, उघडं पिंप, लोंबती वायर, सगळं. मावशी दारात बसून बघत होत्या.

"झाली का झडती? मंग जा आता जल्दी. पोरं वर्गात वाट पाहून राह्यलीत तुमची."

त्या दिवसापासून अद्वैत निम्मा मावशींचाच झाला.

मालकाच्या वारसांनी जीन पाडून प्लॉट पाडायचं काढलं, तेव्हा पदर खोचून शरयूच पुढं झाली. वर्तमानपत्रात लिहिलं, विद्यार्थी गोळा केले, फोटो काढून गावभर लावले. फोटो फारच देखणे आले होते. समिती झाली, गिरिधरराव वकील अध्यक्ष झाले आणि पाडापाडी थांबली. शरयूनं पेढे वाटले. पहिला पेढा मावशींच्या हातावर ठेवला.

जिनाचं संग्रहालय करायचं ठरलं. त्याच्या उद्घाटनाच्या तयारीची बैठक जिनातच बसली. शरयू अद्वैतला कडेवर घेऊन आली. मावशींनाही बोलावणं होतं. त्या उंबऱ्यावर टेकल्या. गिरिधररावांनी नकाशा पसरला.

"हे तिकिटाचं. हे प्रदर्शन. आणि मागं बाग, कारंजासकट."

"मागं कुठं बाग? मागं खोल्या आहेत."

"अतिक्रमण आहे ते मॅडम. मूळ रूपात जतन करायचं, असं आपलंच ठरलंय ना?"

"अतिक्रमण कसलं? मालकानंच बांधून दिल्यात त्या कामगारांना!"

"असतील. पण जिनाचा भाग म्हणून त्यांची कुठं नोंदच नाही." गिरिधररावांनी तिच्याच फोटोंचा गठ्ठा पुढं सरकवला. "हे तुम्ही काढलेत. याच्यावरच तर मंजुरी मिळाली. दाखवा बरं, खोली दिसते का एक तरी?"

शरयूनं गठ्ठा भराभर चाळला. धुराड्याचा फोटो काढताना मावशींची दोरीवर वाळत घातलेली लुगडी मधे येत होती. फोटो स्वच्छ यावा म्हणून ती जागा बदलत बदलत बाभळीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिथून खोल्या दिसत नव्हत्या.

"आणि मावशींना आपण सोडतोय थोडंच!" गिरिधरराव लाडीगोडीवर आले. "त्यांना तर मोठा मान. जिनातल्या बाया तान्ही लेकरं खांबाला झोळी बांधून तिच्यात ठेवायच्या, तो देखावा करतोय आपण. मावशी झोका देत बसतील. आता झोळीत बाहुली ठेवली तर खोटं वाटेल. म्हणून म्हटलं, तुमचा अद्वैत..."

"हिरो होईल बघा!" सचिव कल्याण हसला आणि अद्वैतचा गाल ओढायला लागला. शरयूनं त्याचा हात झटकला.

उंबऱ्यावरून मावशींचा आवाज आला. "वकीलसाहेब, झोळी हौसेनं बांधत होतो का आम्ही? घरी राह्यलं तं हजेरी बुडायची. वरून रुई पडायची लेकराच्या तोंडावर. माझ्या ज्योत्स्नाच्या नाकातून वाती निघायच्या रुईच्या. एवढं कवतिक असन तं तुमच्या नातवाला घाला झोळीत. झोका मी देते. मन लावून देते."

"मावशी, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावनेच्या?" शरयूचा आवाज चढला तसं पोरगं दचकलं, तरी ती थांबली नाही. "भिंतीला चुना कोणता लावायचा, त्यात बेलफळ घालायचं की गूळ, यावर तुम्ही बैठकांवर बैठका घेतल्या! एक वीट निखळली तर हळहळता. आणि जिच्या छातीत या जिनाची धूळ अजून भरलीय, तिला घरातून काढून इथं शोभेला बसवणार? लाज वाटत नाही? मी राजीनामा देते!"

"द्या," गिरिधरराव नकाशा गुंडाळत म्हणाले. "फोटो मात्र समितीचे आहेत."

पुढचे दिवस शरयूनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब आत्ताच निघाले. घरी नवरा, अवधूत, समजूत घालायला बघायचा. "अगं, कशाला अंगावर घेतेस? आपल्याला याच गावात राहायचंय."

"मावशींनाही याच गावात राहायचंय!" ती ओरडली.

ती कॉलेजात वर्गावर असताना जेसीबी आला. त्या दिवशी अद्वैत मावशींकडे नव्हता, घरी अवधूतजवळ होता, म्हणून तिला निरोपही उशिरा मिळाला. ती पोचली तेव्हा पत्रे एकावर एक रचून ठेवलेले होते, अगदी नीट. मावशी निघून गेल्या होत्या. लेकीच्या सासरी राहायचं त्यांच्या जिवावर येई, म्हणून केदारखेड्याला भाच्याकडे, मिथुनकडे गेल्या, असं कुणीतरी सांगितलं. शरयू तिथं गेली.

"आत्या आल्ती. पण फुकट खानार न्हाई म्हनली," मिथुन मान खाली घालून सांगू लागला. "कापूस वेचायच्या टोळीसंगं गेली, हसनाबादकडं. म्या लई अडवलं हो."

कापूस वेचायला! ती छाती घेऊन! शरयूनं फोन लावला, बंद. ज्योत्स्नाला लावला. ती रजा टाकून आईलाच शोधत फिरत होती. "बिल्डिंग सांभाळा बाई तुम्ही," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. शरयू अद्वैतला घेऊन जीपनं हसनाबादला जाऊन आली, बांधाबांधानं विचारत फिरली. टोळ्या रोज शेत बदलतात. कुणाला धड सांगता येईना.

इकडं उद्घाटन थाटात झालं. फाटकावर मावशींचा भला मोठा फोटो झळकतो आहे, खाली लिहिलंय, 'कष्टाची माउली'. शरयूनं तो फाडायला हात घातला तर रखवालदारानं तिला बाहेर काढलं. फाडलेला कोपरा दुसऱ्या दिवशी चिकटवलेला होता.

आता जीपमध्ये शेजारी बसेल त्याला शरयू जे सांगते, तेच ती तुम्हालाही सांगते आहे. तुम्ही हसनाबाद, केदारखेडा त्या भागातले असाल किंवा तिकडून जाणार असाल, तर वेचणी चाललेल्या शेताशी थोडं थांबा. बायांमध्ये एक म्हातारी दिसेल, ठेंगणी, हनुवटीवर गोंदलेली, इतरांच्या मागं पडलेली. बेबीनंदामावशी का, म्हणून विचारा. त्या चेष्टा करतील, बरी हाय म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. जवळ बसा, श्वास ऐका. घरघर येत असेल तर कुणाला विचारत बसू नका, तशाच गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या. आणि जेवल्यात का, तेवढं बघा.