पातळ

जमुनाबाईंच्या घरात कालवण कधी पातळ झालं नव्हतं. मोरा कोळीवाड्यात ज्या घरचं कालवण पातळ, त्या घरची बाई कंजूष नाहीतर आळशी, असा सरळ हिशेब. जमुनाबाई दोन्हींतल्या नव्हत्या. नवऱ्यामागे जेट्टीवर म्हावरा, म्हणजे मासळी, विकून, गिऱ्हाइकांशी यथेच्छ भांडून त्यांनी लेकीला शिकवलं. ती रुतिका आता खारघरच्या प्रयोगशाळेत संशोधक होती. तिचा विषय अंडाशयाचा कॅन्सर. आणि नशिबाचा चावटपणा बघा, आईच्या पोटात निघाला तोच.

पण मायलेकी हातपाय गाळणाऱ्या नव्हत्या. किमो झाली, पोटातल्या गाठी आक्रसल्या, ऑपरेशन ठरलं. तेवढ्यात डावा पाय सुजला. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "रोज रक्त पातळ करायचं इंजेक्शन घ्या. गुठळी आटोक्यात आली तरच ऑपरेशन." पोटावर सुई कशी टोचायची ते नर्सने शिकवलं. जमुनाबाईंनी मुकाट मान डोलावली. ही बाई मुकाट मान डोलावते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे रुतिकाला तिथेच कळायला हवं होतं.

रविवारी तिने सुकटीचा डबा उघडला, तर सुकटीखाली इंजेक्शनं. एकही फोडलेलं नव्हतं.

"आये! हे काय?" रुतिकाचा आवाज शेजारी सुमित्राबाईंच्या घरापर्यंत गेला असणार.

"वरडू नको. मी नाय घेनार," जमुनाबाई सुजलेला पाय पाटावर ठेवत म्हणाल्या. "आधीच किमोनं अंगात ताकद नाय. त्यात रक्त पातळ करू? माझ्या घरात कालवन पातळ झालं नाय आजपर्यंत. सुमित्रा रोज चिंबोऱ्यांचं कालवन देते ना, त्यानं रक्त घट्ट होतंय."

रुतिकाने कपाळावर हात मारला. राग आईचा नव्हता, त्या शब्दाचा होता. दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडात बसलेला शब्द, आणि ती स्वतःही तो बिनदिक्कत वापरत आली होती.

"आये, पातळ काहीच होत नाही गं. त्यात पाणी नाही घालत. रक्त गोठू देत नाही, एवढंच." ती आईच्या पायाशी बसली. "मी तिकडे काय करते सांगू? रक्तात एक प्रथिन असतं. जखम झाली की त्याचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि जखम बुजते. चांगलं काम आहे. पण या कॅन्सरने पोटात पाणी होतं ना, त्यातही ते प्रथिन उतरतं. आणि आपल्या पांढऱ्या पेशी, ज्यांनी चोराला गिळायचं, त्यातल्या काही फसतात. त्यांना वाटतं इथे जखमच आहे. मग त्याही जाळं विणायला हातभार लावतात. कॅन्सरच्या पेशी त्या जाळ्याला धरून बसतात आणि पोटभर पसरतात."

जमुनाबाईंनी हिशेब मांडला. "म्हंजे मानसं आपली, जाळं आपलं, नि म्हावरा दुसऱ्याचा."

"अगदी तसंच."

"मग या सुईनं ते जाळं तुटंल?"

'हो' म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. आईने पदर खोचून त्याच क्षणी सुई टोचून घेतली असती. रुतिकाच्या जिभेवर तो 'हो' आलाही होता. तिने तो गिळला.

"माहीत नाही. तेच शोधतोय आम्ही. ही सुई पायातल्या गुठळीसाठी आहे. ती सुटून छातीत गेली ना, तर तू जाशील. आणि मला तू हवी आहेस."

जमुनाबाईंनी लेकीकडे निरखून पाहिलं. "मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला 'माहीत नाय' बोलले नाय. शिळा बांगडा पन ताजा सांगितला. तू आयसला 'माहीत नाय' बोललीस. म्हंजे बाकीचं खरं हाय." त्यांनी हात पुढे केला. "दे. नि जा, मेडिकलवाल्याकडनं नवीन आन. याला सुकटीचा वास मारतोय."

गुठळी आटोक्यात आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटातलं पाणी संशोधनाला देण्याच्या कागदावर जमुनाबाईंनी झोकात सही ठोकली. ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी नर्स येऊन म्हणाली, "आज फक्त पातळच द्यायचं हं."

जमुनाबाईंनी डोळे उघडले. "परत तोच शब्द!" हसताना टाके ओढले तसं त्यांनी पोट धरलं. मग रुतिकाला जवळ बोलावलं.

"माझं पानी पोचलं खारघरला?"

"पोचलं, आये."

"मग इथं काय करतेस? जा, त्या 'माहीत नाय'चं उत्तर काढ. मी हाय."